बँड बसवल्यानंतरचं जेवण : पहिल्या घोटापासून घरच्या पंगतीपर्यंत

वजन कमी करण्यासाठी जठरावर बँड बसवून घेतला आहे किंवा बसवायचा ठरला आहे, अशांसाठी आणि त्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझा बँड २०१० साली मेलबर्नला बसवला. तेव्हा ऑस्ट्रेलियात वजनाची शस्त्रक्रिया म्हटली की बहुतेक वेळा बँडच असायचा. आता इथेही आणि भारतातही स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) आणि बायपास (जठर लहान करून आतडी वळवणं) पुढे गेलेत, नवे बँड फार थोडे बसतात. पण पोटात बँड घेऊन जगणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यात आपली मराठी माणसंही आहेत. दवाखान्यातून आहाराचा जो कागद हातात पडतो त्यात योगर्ट, टूना, टोस्ट, कुस्करलेले बटाटे असतात. वरण, पिठलं, भाकरी, साबुदाणा यांचं नावही नसतं. ती उणीव भरून काढायचा हा प्रयत्न आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. खाली दिलेले आठवडे साधारण आहेत. तुमच्या सर्जननी किंवा आहारतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुमचं पोट आतून पाहिलंय.

बँड नेमकं काय करतो

जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती सिलिकॉनचं कडं बसवतात. त्याची आतली बाजू फुग्यासारखी असते. एका बारीक नळीने ती पोटाच्या कातडीखाली ठेवलेल्या पोर्टला, म्हणजे एका छोट्या डबीला, जोडलेली असते. पोर्टमधून सुईने सलाईन घातलं की कडं आवळतं, काढलं की सैल होतं. जठर कापत नाहीत, आतडी वळवत नाहीत.

बरेच जण असं धरून चालतात, मीही धरलं होतं, की कड्याच्या वर एक छोटी वाटी तयार होते, ती भरते, हळूहळू रिकामी होते आणि म्हणून भूक लागत नाही. तसं नसतं. नीट चावलेला छोटा घास अन्ननलिकेच्या आकुंचनाच्या दोन ते सहा लाटांमध्ये कड्यातून खाली उतरतो. त्याला मिनिटभर लागतं. घास तिथून सरकताना जो दाब पडतो, त्यातून मेंदूला 'भूक शमली' असा निरोप जातो. अन्न वर साठायला लागलं तर तो बिघाड समजायचा. वरचा भाग ताणला जातो आणि कालांतराने कडं जागचं सरकू शकतं.

म्हणून माझ्या मते या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट खरी शिकायची आहे. आपण जेवताना 'पोट भरलं' या खुणेची वाट बघतो. बँड असलेल्या माणसाने त्या खुणेपर्यंत जायचंच नाही. 'भूक गेली' ही खूण ओळखायची आणि तिथे थांबायचं. या दोन खुणांमध्ये फार तर पाच-सहा घासांचं अंतर असतं, पण सगळा त्रास त्या पाच-सहा घासांतच आहे.

शस्त्रक्रियेच्या आधी

बहुतेक ठिकाणी दोन ते चार आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार देतात. यकृतातली चरबी कमी होऊन ते आकसावं आणि दुर्बिणीतून काम करताना आड येऊ नये, हा त्यामागचा हेतू. तो मनापासून पाळा. याच दिवसांत घरात तीन वस्तू आणून ठेवा: बाळाचा छोटा चमचा, सव्वाशे मिलिलिटर मावेल अशी लहान वाटी आणि बारीक जाळीची गाळणी. जेवणाबरोबर पाणी न पिण्याची सवयही आत्ताच लावून घ्या. मला सगळ्यात अवघड तीच गेली.

पहिले दोन आठवडे : फक्त पातळ

बँड जागेवर राहावा म्हणून जठराचाच थोडा भाग त्याच्यावर घेऊन टाके घालतात. ते टाके धरेपर्यंत घट्ट अन्न नको आणि उलटी तर अजिबात नको. त्यामुळे 'मला बरं वाटतंय, थोडा वरणभात खाऊन बघते' हा मोह कटाक्षाने टाळा.

एकावेळी घोट-घोट घ्यायचं आणि दिवसभर घेत राहायचं. सगळं मिळून दीड ते दोन लिटर व्हावं. गाळलेलं पातळ ताक, टोमॅटोचं गाळलेलं सार, साखर न घातलेलं कोकम, साय काढलेलं दूध, चिकनचं गाळलेलं सूप चालतं. सोडा आणि गॅसची पेयं आताही नकोत, पुढेही नकोत.

इथे आपल्या घरोघरी होणारी एक चूक सांगायला हवी. आजारी माणसाला 'ताकद येते' म्हणून डाळीवरचं पाणी देतात. त्यात प्रथिनं अगदी थोडी असतात, खरी डाळ तळाशीच राहते. बँडनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं साधारण सांगतात. २०० मिलिलिटर दुधातून सहा-सात ग्रॅम मिळतात. म्हणजे पातळ आहाराच्या दिवसांत नुसत्या घरच्या पदार्थांवर हा आकडा गाठणं कठीण. आहारतज्ज्ञांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर दुधात किंवा ताकात घालून घ्या. त्यात कमीपणा नाही.

मधुमेह असेल तर याच टप्प्यावर सर्वात जास्त सांभाळायचं. खाणं एकदम इतकं कमी झाल्यावर इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्यांचा जुना डोस चालू ठेवला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तेच. डोस स्वतःच्या मनाने बदलू नका, पण घरी जाण्याआधी डॉक्टरांकडून नवा डोस लिहून घ्या.

तिसरा-चौथा आठवडा : घुसळलेलं

बाळाचं उष्टावण झाल्यावर त्याला जे देतो तेच आता आपलं जेवण. घरातल्या मोठ्यांना एवढं सांगितलं की बाकी काही समजवावं लागत नाही. मुगाचं घट्ट वरण रवीने एकजीव करून, पातळसर पिठलं, दुधी किंवा लाल भोपळा उकडून मिक्सरमधून काढलेला, काटे काढून कुस्करलेला मासा थोड्या रश्शात. खिमट करायचं असेल तर तांदूळ कमी, डाळ जास्त.

माझा सगळ्यात मोठा आधार चक्का होता. दही फडक्यात बांधून टांगलं की प्रथिनं दाटतात, चमच्याने थोडं थोडं खाता येतं आणि घशाशी काही अडत नाही. मीठ-जिरं घालून खा. साखर घालून त्याचं श्रीखंड केलंत तर मात्र सगळं गणित उलटं फिरतं.

फोडणीतली मोहरी, कढीपत्ता, मिरचीची साल, आल्याचे तंतू गाळून किंवा काढून टाका. एवढ्याशा वस्तूही अडकू शकतात.

पाचवा-सहावा आठवडा : मऊ

काट्याने दाबलं की मोडेल असं सगळं. ओलसर अंडा भुर्जी, पनीर भुर्जी, नीट शिजलेली मुगाची उसळ, मऊ भाज्या. मासे खाणाऱ्यांची इथे चंगळ आहे: मेलबर्नात फ्लॅटहेड आणि घरी गेल्यावर ओले बोंबील. बोंबलाइतका सहज उतरणारा मासा मला दुसरा मिळाला नाही. चिकन खायचंच तर खिमा करून, रश्शात शिजवून. कोरडा छातीचा तुकडा भल्याभल्यांना अडकतो.

सातव्या आठवड्यापासून : घास कसा घ्यायचा

आता साधं अन्न सुरू होतं आणि खरी शाळाही. बत्तीस वेळा चावून खा असं आजी सांगायची. पोटात बँड बसल्यावर तो नियम अक्षरशः पाळावा लागतो.

ताटात आधी वाटीभर, म्हणजे सव्वाशे मिलिलिटर, अन्न काढून घ्या. पातेलं टेबलावर आणूच नका. घास मटाराच्या दाण्याएवढा. हाताने जेवताना घास आपोआप मोठा होतो, पोळीचा तुकडा तर हमखास, म्हणून पहिले काही महिने छोटा चमचा किंवा काटा वापरा. घासाची पेस्ट होईपर्यंत चावा. गिळा. चमचा खाली ठेवा. आता मिनिटभर काहीही करू नका. मी समोर घड्याळ ठेवायची. मिनिट संपल्यावर पुढचा घास घेण्याआधी स्वतःला विचारा: अजून भूक आहे का? नसेल तर वाटीत काहीही उरलेलं असो, जेवण संपलं. वीस मिनिटं झाली की तसंही उठायचं.

ताटात अन्न टाकू नये हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं आहे आणि ते चांगलंच आहे. म्हणून आधीच कमी वाढून घ्या. तरी उरलं तर डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी खा. उरलेले दोन घास 'वाया नको' म्हणून तोंडात टाकणं हे माझ्या सुरुवातीच्या जवळपास सगळ्या उलट्यांचं कारण होतं.

खाण्याचा क्रम असा ठेवा: आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर पोळी-भाकरी. आपल्या जेवणाचा कणाच पोळी किंवा भात असल्यामुळे हे उलटं वाटतं. पण वाटीभर जेवणात अर्धी पोळी गेली तर डाळ, अंडं, पनीर यांना जागाच राहत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास प्रथिनं असतात. दिवसाची तीन छोटी जेवणं अशी मांडा की त्यातून ते ६० ग्रॅम गाठता येतील.

पाणी जेवताना नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. पाण्याने घास धुऊन खाली ढकलला की भूक शमल्याचा निरोप मिळायच्या आत वाटी रिकामी होते.

थांबायची खूण प्रत्येकाची वेगळी. कुणाला एकच उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं, कुणाला शिंक येते, कुणाच्या डाव्या खांद्यात कळ येते. माझी खूण उचकी. ती आल्यावर आणखी एक घास घेतला तर पुढचा अर्धा तास न्हाणीघरात जातो, हे मी दोन-तीनदा अनुभवलं आणि मग शहाणी झाले.

काय अडकतं

पाव, विशेषतः मऊ ताजा. तोंडात त्याचा गोळा होतो आणि कड्यावर बूच बसतं. भाजून कडक केला तर बऱ्याच जणांना चालतो. पोळीचंही तसंच, गरम मऊ पोळीपेक्षा पातळ खाकरा मला सोपा जातो. ज्वारीची भाकरी गव्हाच्या पोळीपेक्षा बरी, पण कोरडी नाही आणि चावणं सोडून नाही. चिकट भात, उकडीच्या मोदकाची पारी, साबुदाणा हे तिन्ही चिकट गोळा होणारे. शेवग्याची शेंग, संत्र्याच्या फोडीवरची साल, मक्याचं कणीस, खोबऱ्याचा कीस, अळूचे दांडे यांत तंतू. नवा पदार्थ नेहमी घरी, निवांतपणे, एकच घास खाऊन बघा. कुणाच्या लग्नात नको.

सकाळी बँड जास्त आवळल्यासारखा वाटतो, हा अनुभव अनेकांचा आहे. उठल्यावर कोमट पाणी किंवा चहा घोट-घोट घ्या आणि नाश्ता उशिरा करा. चिडलेले, घाईत, रडवेले असाल तेव्हाही तसंच होतं. त्या वेळी जेवायला बसूच नका.

घास अडकलाच तर

छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं दुखतं, तोंडात फेसाळ लाळ भरते. घाबरायला होतं, पहिल्या वेळी तर फारच. खाणं तिथेच थांबवा. उभे राहा, घरात फेऱ्या मारा, लाळ गिळू नका, थुंकत राहा. पाणी पिऊन घास ढकलायचा प्रयत्न करू नका. वाट बंद असते, पाणी वरच साठतं आणि दुखणं वाढतं. बहुतेक वेळा थोड्या वेळाने घास खाली उतरतो किंवा वर येतो.

नंतर आतली जागा सुजलेली असते. म्हणून पुढचे २४ तास पातळ, मग दिवसभर मऊ, मग नेहमीचं. 'आता मोकळं झालं' म्हणून लगेच जेवायला बसलं की दुसरा घास पहिल्यापेक्षा लवकर अडकतो.

काही तास उलटूनही पाणी किंवा स्वतःची लाळसुद्धा उतरत नसेल तर दवाखाना गाठा, पोर्टमधून थोडं सलाईन काढलं की सुटका होते. पोटात सतत जोरात दुखणं, ताप, पोर्टच्या जागी लाली किंवा सूज, काळी शी, रात्री झोपेत आंबट पाणी घशाशी येऊन खोकला लागणं, यांतलं काहीही अंगावर काढू नका. बरेच दिवस उलट्या होत असतील तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडून नसांवर परिणाम होऊ शकतो, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

फिल आणि हिरवा पट्टा

सलाईन भरण्याला सगळे 'फिल' म्हणतात. पहिला फिल साधारण चार ते सहा आठवड्यांनी. तोवर भूक लागणारच, बँड बिघडला म्हणून धसका घेऊ नका. बँडच्या प्रकाराप्रमाणे ४ पासून १४ मिलिलिटरपर्यंत सलाईन मावतं, म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही. फिल झाल्यावर दवाखान्यातून निघण्याआधी पेलाभर पाणी पिऊन बघा, नीट उतरतंय ना. नंतर एक-दोन दिवस पातळ, मग मऊ.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात पॉल ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बँडवर वर्षानुवर्षं काम केलं. इथे आम्हाला तीन पट्टे शिकवले. पिवळा: जेवणांच्या मध्ये भूक लागते, वाटीपेक्षा जास्त जातं, म्हणजे सैल आहे. हिरवा: थोडक्यात भूक शमते आणि तासन्‌तास शमलेली राहते. लाल: अडकतं, उलटतं, रात्री खोकला येतो, साधं जेवण जात नाही, म्हणजे जास्त आवळलाय.

लाल पट्ट्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तो फसवा आहे. वाटतं, जितका घट्ट तितकं वजन उतरेल. घडतं उलटं. साधी उसळ, अंडं, मासा जात नाही, मग माणूस जे सहज उतरतं तिकडे वळतो: आइस्क्रीम, मिल्कशेक, उसाचा रस, बासुंदी, चॉकलेट, बिस्किटं चहात बुडवून. यांना बँड अडवतच नाही. वजन थांबतं किंवा वाढतं आणि वर माणूस स्वतःलाच दोष देत राहतो. माझे स्वतःचे आठ महिने असे गेले. वरणात कुस्करलेली भाकरी, खीर, सूप यांवर जगत होते आणि मला इच्छाशक्ती नाही असं ठरवून बसले होते. एक मिलिलिटरपेक्षाही कमी सलाईन काढलं आणि दुसऱ्या आठवड्यात मी मटकीची उसळ चावून खाल्ली. तुम्हीही मऊ खाण्यावर अडकला असाल तर स्वतःला बोल लावण्याआधी बँड तपासून घ्या.

गोळ्या

मोठ्या गोळ्या अडकू शकतात. मोडता येतील का, पातळ औषध मिळेल का हे विचारा, काही गोळ्या मोडून चालत नाहीत. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं विचारल्याशिवाय घेऊ नका, जठराला इजा होऊ शकते. मल्टीव्हिटॅमिन रोजचं. डी, बी-१२, लोह, कॅल्शियम हे रक्त तपासून. शाकाहारी असाल तर बी-१२ कडे विशेष लक्ष द्या.

उपवास, पंगत आणि घरची माणसं

एकादशीला साबुदाणा खिचडी आणि दिवसभर चहा, हा उपवास बँडला मानवत नाही. करायचाच असेल तर दही, दूध, पनीर, राजगिऱ्याची पातळ लापशी यांवर करा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

भारतात गेल्यावर खरी परीक्षा आग्रहाची. आत्याने वाढलेलं नाकारणं मला फार जड गेलं. शेवटी मी जेवायच्या वेळी सांगणं सोडलं आणि आदल्या दिवशी, स्वयंपाकघरात तिच्याजवळ बसून सगळं समजावलं: माझ्या पोटात काय बसवलंय, एक घास जास्त झाला तर काय होतं. दुसऱ्या दिवशी पंगतीत तिनेच माझ्यासमोर लहान वाटी ठेवली आणि वाढायला आलेल्या वहिनीला हातानेच थांबवलं. पंगतीत बसताना वरण आणि कोशिंबीर घ्या, मठ्ठ्याऐवजी एखादी उसळ घ्या आणि जिलबीचा तुकडा तोंडात विरघळवायचा असेल तर एकच घ्या. गप्पांत चावणं विसरतं, म्हणून बोलायचं असेल तेव्हा चमचा खाली.

प्रवासाला निघताना

विमानात बँड आवळल्यासारखा वाटू शकतो. लांबच्या प्रवासात पातळ आणि मऊ खाण्यावरच भर द्या. बँडची कंपनी, प्रकार, पोर्ट पोटाच्या कोणत्या बाजूला आहे, आत किती मिलिलिटर सलाईन आहे आणि शेवटचा फिल कधी झाला, हे एका कार्डावर लिहून पासपोर्टबरोबर ठेवा. पोर्टसाठी साधी सुई चालत नाही, त्यातली रबरी पडदी फाटू नये म्हणून वेगळ्या टोकाची ह्यूबर सुई लागते, तेही कार्डावर लिहा. जिथे उतरणार त्या शहरात वजनाच्या शस्त्रक्रिया करणारा सर्जन कोण आणि तो बँडमधलं सलाईन काढून देतो का, हे निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. गावात अडकलेल्या घासाने रात्र काढण्यापेक्षा तो एक फोन केव्हाही सोपा.